सॉक्रेटिसची दाढी अन् डोंग्याची राळ

"मानूस पडन, पन मी लावलेली दाढी नाही पडनार!"

असं डिंपल बोलली, अन् तेही कोनासमोर? वडस्याहून आलेल्या इश्वरभाऊसमोर! इश्वरभाऊ म्हंजे नाटक कंपनीचा रंगभूषावाला. एका डब्बीत राजा ठेवते अन् दुसऱ्या डब्बीत भिकारी. त्याच्यासमोर दाढीची गोष्ट करनं म्हंजे मासोळीले पोहनं शिकवनं! पन डिंपलची जीभ कधी कोनाले घाबरली?

डिंपल करडी गावची. घर तलावावर मासे धरनारं. नववीत शाळा सुटली. "शाळा मी सोडली, शाळेनं मले नाही," असं ती सांगे. खरं म्हंजे दोघाइनंही एकमेकाले सोडलं होतं. गनिताच्या तासाले तिनं इचारलं, "मास्तर, उत्तर पुस्तकाच्या मांगं छापून हाये, तं आपन कायले काढून राहिलो?" मास्तर चिडले. डिंपल त्याइच्याहून जास्त चिडली. दप्तर उचललं अन् निघाली! डोकं असं गरम का वरतं पापड ठेवला तं भाजून निघन. पन नजर? गर्दीत कोनाच्या शर्टाचं बटन वेगळ्या धाग्यानं शिवलं हाये, तेही तिले दिसे.

इश्वरभाऊले हंगामासाठी हाताखाली एक मानूस पायजे होता. दिवाळी झाली का झाडीपट्टीत रोज नाटक. एका मानसानं किती तोंडं रंगवावं? डिंपलनं हे आइकलं अन् तिच्या जिवाले दुसरं काही सुचेच ना. तिच्या बाबूजीनं, तुलारामनं, आधीच सांगून ठेवलं होतं.

"इश्वरभाऊ हो म्हनला तं जाय वडस्याले. नाही म्हनला तं भंडाऱ्याच्या मावशीकडं शिलाई शिकाले."

शिलाई! एका जागी बसून! डिंपलनं मशीनच फेकून मारली असती मावशीले.

इश्वरभाऊ हासला. "बोलाले काय जाते, पोरी! तुमच्या मंडईच्या जत्रेले येतो मी. तुहं काम पाहातो. आमचा राजा मांगच्या साली गर्जना कराले गेला अन् दाढी पुढच्या रांगेतल्या बाईच्या मांडीवर पडली. मले असं नाही पायजे."

"डिंक कोनता लावता, भाऊ?"

"राळीचा असते," इश्वरभाऊ म्हनला अन् फटफटीले किक मारून गेला.

राळ! डिंपलच्या डोक्यात टूबलाईट लागली. राळ तं घरीच हाये! बाबूजी डोंग्याच्या, आपल्या लाकडी नावेच्या, फटी कायनं बुजवते? राळीनं! राळ कुटायची, थोडं तेल टाकून तापवायची, फटीत भरायची. डोंगा चार महिने पान्यात राहिला तरी थेंब आत येत नाही. वडस्याच्या लोकाइले डिंक इकत घ्या लागते, अन् आपल्या घरच्या सपरीत डब्बा भरून हाये!

आता दाढ्या कोनाले लावायच्या, तं तेही आइका.

दिवाळीनंतर गावात मंडई भरते. भज्याचे ठेले, पाळने, घरोघरी पाहुने, अन् भर दुपारी चौकात दंडार, म्हंजे नाच-गान्याचं गावचं नाटक. या साली लिलाधर सरानं सांगितलं, "दंडार मी लिहीन." सर म्हंजे रिटायर मास्तर. पेन्शन पुस्तकात जाते अन् पुस्तकं डोक्यात जाते. त्याइनं नाटक लिहिलं, जगातल्या मोठमोठ्या विचारवंताइवर!

दंडार मंडळाचे लोक घाबरले.

"सर, नाच हाये का त्याच्यात?"

"नाही."

"मारामारी?"

"नाही. पन सॉक्रेटिसले इष पाजते."

"मंग चालते!"

दाढीचं काम सरानं डिंपलले देलं. मंडळातल्या चार लोकाइनं तोंड वाकडं केलं. "शाळा सोडलेली पोट्टी सर, तिले काय समजते सॉक्रेटिस?" सर म्हनले, "तुमाले समजते का?" चारही तोंडं सरळ झाले! या एका गोष्टीसाठी डिंपलनं मनातल्या मनात सराचे पाय धरले. सामने मात्र ती फक्त एवढंच म्हनली, "सर, कोन व्हता हा बावा?"

सर ओट्यावर बसले अन् सांगू लागले. अडीच हजार साल झाले. अथेन्स नावाचं गाव. हा मानूस बाजारात फिरे अन् दिसन त्याले प्रश्न इचारे. न्याय म्हंजे काय? शहानपन म्हंजे काय? मोठमोठे लोक उत्तर देता देता फसत. लोक चिडले, खटला केला, इषाचा पेला देला. यानं शांतपने पिऊन टाकला.

"फक्त प्रश्न इचारले म्हनून?" डिंपलचे डोळे मोठे झाले.

"फक्त प्रश्न इचारले म्हनून. पन पोरी, पेला देनारे कोन होते, ते कोनाले याद नाही. प्रश्न मात्र अजून जित्ते हायेत. कोर्टात वकील उलटतपासनी करते, पोरगं बापाले 'काहून' म्हनते, तठी तठी थो मानूस थोडा थोडा हाये."

आतापर्यंत डिंपलले वाटे, जास्त प्रश्न इचारनं म्हंजे बिमारी. आता समजलं, या बिमारीचा एक मानूस पार पुस्तकात जाऊन बसला हाये! आपल्या जातकुळीचा कोनी भेटावा तसं झालं तिले.

पात्र ठरले. सॉक्रेटिस झाला तिचा बाबूजी तुलाराम, काहून का त्याचं पोट आधीच सॉक्रेटिससारखं होतं. रांजनात राहनारा अन् भर दिवसा कंदील घेऊन खरा मानूस धुंडनारा डायोजिनिस झाला सेवकराम. हा गवंडी, अन् खायचा असा शौकीन का लगनात पंगत उठली तरी हा उठत नाही. रांजन भेटला नाही म्हनून मासोळीचं बी आनाचा निळा ड्रम घेतला. चीनचा कन्फ्यूशियस झाला अंकुश, टॅक्टर चालवनारा. बुद्धाचं पात्र कोन करन, असं कोनीतरी इचारलं, तं अंकुश लगेच बोलला, "बुद्धाचं सोंग नाही करत आमी. विहारातला फोटो ठेवू, दिवा लावू, सर त्याइचा विचार सांगन. बस!" सगळ्याइनं मान हालवली. तसंच ठरलं.

दाढ्या केल्या अंबाडीच्या धाग्याच्या. मस्त पांढऱ्या, इंचरलेल्या. अन् डिंपलनं राळ तपासून पाह्यली नाही असं कोनी म्हनू नका! तिनं अंबाडीची एक बट डोंग्याले चिटकवली अन् डोंगा तलावात ढकलला. दोन दिवसानं पाह्यलं तं बट जाग्यावर! वढली तं डोंगा वढल्या गेला, बट नाही! डिंपल खूश. लागते का, याची परीक्षा झाली. निघते का, याची परीक्षा घ्याचं तिच्या ध्यानातच आलं नाही. तसंही परीक्षेचं अन् तिचं कधी जमलं नव्हतं!

मंडईच्या दिवसी शाळेच्या भितीमांगं तिनं तिघाइले बसवलं. राळ कोमट केली अन् चमच्यानं लावत गेली.

"व डिंपल, गरम लागून राहिलं व!" अंकुश वरडला.

"विचारवंताइनं लय सोसलं, दादा. गप बस!"

"पन माह्या मिशीवर काहून लावून राहिली?" तुलारामनं इचारलं. त्याची मिशी म्हंजे गावाची शान! काळीभोर, टोकं वरतं, सरपंचही तिले नमस्कार करे.

"सॉक्रेटिसची मिशी पांढरी पायजे, बाबूजी. खाली दबून राहीन तुह्यी. काही होत नाही!"

ढोलकी वाजली. दंडार सुरू झाली. अन् काय सांगावं! इश्वरभाऊ पहिल्या रांगेत बसला होता, हाताची घडी घालून. अंकुश वाकून वाकून नमस्कार करे, दाढी हालली नाही. सेवकराम ड्रमातून उलटा बाहेर पडला, दाढी हालली नाही. थो कंदील घेऊन लोकाइत घुसला अन् "खरा मानूस हाये का? खरा मानूस?" करत पाहुन्याइच्या तोंडासमोर कंदील धरू लागला. सगळे मासेमारी सोसायटीच्या अध्यक्षाकडं पाहू लागले. अध्यक्ष चपलीकडं पाहू लागले. दाढी हालली नाही!

मंग इषाचा पेला आला. तुलारामनं पेला वर धरला. तं बायाइतून आवाज आला, "नोको पिऊ गा! घरी पोरगी हाये लगनाची!" ते डिंपलची माय जमुनाबाई होती. पेल्यात कोकमचं सरबत हाये हे तिले माहीत होतं, तिनंच बनवलं होतं! तरी तिच्या डोळ्यातून धारा. तुलाराम घटाघट पिला. पडला. दाढी आभाळाकडं उभी, पन जाग्यावर! इश्वरभाऊनं हाताची घडी सोडली अन् मान डोलावली. मांगं उभ्या डिंपलचं काळीज टुनकन उडालं. वडसा! वडसा आलाच!

पन सरानं शेवट लिहिला होता तो असा: तिघंही उठते, लोकाइसमोर दाढ्या काढते अन् म्हनते, "पाहा, आमी तं तुमचेच! विचार कराले दाढी नाही लागत!" लय चांगला शेवट होता.

पहिले अंकुशनं दाढी वढली. नाही निघाली. हासत पुन्हा वढली. डोकं पुढं आलं, दाढी तठीच. सेवकरामनं दोन्ही हात लावले. त्याचे डोळे बाहेर आले, दाढी नाही. तुलारामनं वढली अन् "आई गं!" म्हनून खाली बसला.

"तू माह्यी वढ, मी तुह्यी वढतो!" सेवकराम हळूच म्हनला. हळूच कसला! माईक चालू होता!

झालं! डायोजिनिसनं सॉक्रेटिसची दाढी धरली, सॉक्रेटिसनं डायोजिनिसची, अन् कन्फ्यूशियस दोघाइच्या मधात घुसून "मोठ्याइचा मान ठेवा, मोठ्याइचा मान ठेवा!" हेच वाक्य म्हनून राहिला, काहून का त्याले दुसरं याद येत नव्हतं. तिघं गोल फिरू लागले. ढोलकीवाल्याले वाटलं हा नाच हाये, त्यानं ठेका धरला! लोक शिट्या माराले लागले. "वन्स मोर!" तेवढ्यात चर्रर्र असा आवाज आला. सेवकरामच्या हातात पांढऱ्या धाग्याचा एक तुकडा आला, अन् त्या तुकड्याले चिटकून तुलारामची उजव्या बाजूची काळीभोर अर्धी मिशी!

डिंपलनं दोन्ही हातानं डोळे झाकले. बोटाच्या फटीतून मात्र इश्वरभाऊलेच पाहात होती. इश्वरभाऊचं तोंड उघडं होतं.

तेवढ्यात लिलाधर सर पुढं आले. माईक हातात घेतला. एक खोकला काढला अन् म्हनले, "मंडळी! पाह्यलं? वढा, ताना, इष पाजा, गावाबाहेर काढा! विचार एक वेळा मानसाले चिटकला का सुटत नाही! म्हनूनच अडीच हजार साल झाले, अजून सुटला नाही!"

टाळ्या! अशा टाळ्या का झाडावरचे बगळे उडून पार सिहोऱ्याकडं गेले! एक म्हातारा उठला अन् बोलला, "वा सर! असा शेवट तं दुसऱ्या कोनाले सुचलाच नसता!" खरंच सुचला नव्हता.

डिंपलच्या डोळ्यात पानी आलं. सरानं तिचं नाव घेतलं नव्हतं. रागावले नव्हते. आपला लिहिलेला शेवट पोट्टीसाठी पान्यात सोडला अन् नवा उभा केला. असं तिच्यासाठी कोनी केलं नव्हतं आतापर्यंत.

पन पडद्यामांगं आली तं तिघं विचारवंत तिचीच वाट पाहून राहिले होते.

"काढ!" अंकुश म्हनला. "उद्या मले पोरगी पाहाले जायचं हाये! तिच्या बापाले काय सांगू, कोन आला म्हनून? चीनचा जावई?"

साबन लावला. राळ हासली असन! पान्यासाठीच तं बनवली होती ते. गरम पानी टाकलं, दाढ्या धुवून आणखीनच सुंदर दिसू लागल्या. न्हावी बोलावला, त्याचा वस्तरा दोन वेळा फिरला अन् चिटकून बसला. न्हावी वस्तरा सोडून पळाला. आता अंकुशच्या दाढीत वस्तराही लटकून राहिला होता!

"डांबर काढाचं रॉकेल लावू का?" तुलाराम म्हनला.

"अन् कोनी बिडी पेटवली तं? सॉक्रेटिस इषानं मेला बाबूजी, जळून नाही!" डिंपल खेकसली. राग कोनाचा होता? सोताचाच! तिनं राळीचा डब्बा उचलला अन् फेकनार, तं बापाचं तोंड दिसलं. अर्धी मिशी वरतं, अर्धी नाही, डोळ्यात पानी, तरी म्हनून राहिला, "फेकू नको बेटा. डोंग्याले लागन." डिंपलनं डब्बा खाली ठेवला. असा मानूस आपला बाप हाये अन् आपन त्याचे कधी उपकार मानले नाही, हे तिले त्या डब्ब्यासंगच हातात लागल्यासारखं झालं.

"थो सेवकरामकाका कोठी गेला?"

सेवकराम कुंताबाईच्या भज्याच्या ठेल्यावर! दाढी असो का नसो, भूक त्याले थांबू देत नव्हती. दाढी एका हातानं बाजूले करून मिरचीचे भजे तोंडात कोंबून राहिला होता. तेल दाढीतून गळून राहिलं होतं. लोक गोळा झाले होते. "डायोजिनिस भजे खाऊन राहिला रे!"

डिंपल धावत गेली, दोन शिव्या तोंडाशी आल्या होत्या, अन् एकदम थांबली. तिची ते नजर! सेवकरामच्या तोंडाभोवती, जठी जठी तेल लागलं होतं, तठी दाढी सुटली होती. ओठाखाली बोटभर फट!

"काका, खा!" ते वरडली. "आणखीन खा! तोंड पुसू नोको!"

"पोरगी देवमानूस हाये," सेवकराम म्हनला अन् दुसरी प्लेट सांगितली.

राळीत तेल टाकलं का राळ नरम पडते, हे तं रोज सपरीत पाह्यलेलं! तिनं कुंताबाईचं कालचं उरलेलं थंडं तेल मागून घेतलं. कुंताबाईनं पिपाच देला. "माह्या तेलानं विचारवंत सुटत असन तं सोडव माय!" मंग शाळेच्या भितीमांगं रांग लागली. डिंपल कापडानं तेल लावे, चोळे, थांबे, हळूहळू सोडवे. पहिले वस्तरा निघाला. मंग कन्फ्यूशियस निघाला, त्याच्या खालून अंकुश निघाला. गाल लाल टमाटर, पन सगळा शाबूत! तिघाइच्याही तोंडाले मिरची भज्याचा असा वास का गावातले कुत्रे गोल करून बसले, जसे काही शिष्य.

तेवढ्यात इश्वरभाऊ तठी आला. कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"दाढ्या कोनं लावल्या होत्या?"

डिंपलच्या कानात शिलाई मशीनचा आवाज येऊ लागला.

"म्या लावल्या," तुलाराम म्हनला.

"नाही, मी लावल्या," अंकुश गाल चोळत म्हनला.

"भाऊ, ते मीच," सेवकराम भजं गिळत म्हनला. "माह्यीच गलती."

इश्वरभाऊनं तिघाइले खालून वरतं पाह्यलं. "सॉक्रेटिस खोटं बोलते का गा?"

"मी लावल्या!" डिंपल उसळली. "मीच! डोंग्याची राळ लावली, अन् निघते का ते पाह्यलं नाही. बोला आता काय बोलायचं ते! पन याइले काही बोलसाल तं पाहा!"

इश्वरभाऊ खाली बसला, पडलेली दाढी उचलली, राळ बोटानं चोळली, तेलाचं कापड हुंगलं. मंग तुलारामच्या गालावर हात फिरवला. कातडी कोठीच सोलली नव्हती.

"आमच्या कंपनीत रोज दहा-बारा दाढ्या लागते," थो म्हनला. "लावाले मी हावो. पन नाटक संपलं का नट वढून काढते अन् दुसऱ्या दिवसी तोंड सोललेलं! रंग लावला का बोंबलते. पंधरा साल झाले, दाढी सोडवनारं मानूस धुंडून राहिलो मी. या हंगामाले येतेस का?"

"दाढी लावाले?"

"दाढीले हात नाही लावायचा तू! फक्त काढायची!"

आता हा मान होता का अपमान, हे डिंपलले समजलं नाही. दुसरा दिवस असता तं भांडलीच असती. पन आज ते फक्त मान हालवून "हाव" म्हनली. मंग जाऊन सराच्या पायावर डोकं ठेवलं, खरोखरचं. अंकुशले म्हनली, "दादा, पोरगी हो म्हनन, गाल मस्त लाल दिसून राहिले." सेवकरामले तिसरी प्लेट आनून देली. थो दूर अथेन्सवाला भेटला असता तं त्यालेही देली असती.

राहिला बाबूजी. उरलेली अर्धी मिशी पळालेल्या न्हाव्यानं परत येऊन उतरवून टाकली होती, दुसरा इलाजच नव्हता. डिंपल समोर गेली अन् कापडानं त्याच्या गालावरचं तेल पुसू लागली. "बाबूजी, तुह्यी मिशी..."

"मिशी उगवते बेटा," तुलाराम म्हनला. "तू जाय वडस्याले. मन लावून काम करजो."

तेवढ्यात जमुनाबाई ताटली घेऊन आली. नवऱ्याच्या तोंडाकडं पाह्यलं. लगनापासून आजपर्यंत तिनं हे तोंड मिशीबिगर पाह्यलंच नव्हतं. बराच वेळ पाह्यलं. मंग पदर तोंडाले लावला अन् डिंपलचा हात घट्ट धरून कानात म्हनली,

"व डिंपल, वडस्याले मलेही घेऊन जाय व! याइची मिशी येईपर्यंत!"